पासिंगच्या आदल्या रात्री गाडी आणणाऱ्या समस्त ट्रक मालकांना एका पेंटरचं खुलं पत्र

मालक लोकहो, रामराम.

मी कराडला हायवेच्या कडेला ट्रकच्या केबिनी रंगवतो, बावीस वर्षं झाली. आधी वस्तादाच्या हाताखाली नुसता वॉटर पेपर घासला, मग उधारीवर कॉम्प्रेसर घेतला, आता दोन पोरं हाताखाली आहेत. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, आणि ज्यांची उधारी आहे ते रस्त्यात ओळख दाखवत नाहीत, त्यामुळे नाव कुणाचंच लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

पत्र पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या, आदल्या रात्री येणाऱ्या तुमच्या फोनबद्दल आहे. साडेनऊ-दहाला येतो. मी जेवायला बसलेला असतो. "अरे गाडी लावतोय तुझ्याकडं, उद्या पासिंग आहे, सकाळी आठला ड्रायव्हर न्यायला येईल, फार काय करत बसू नको, केबिनला वरवर एक हात मार."

मला सांगा पासिंग काय पाहुणा आहे का न सांगता यायला? गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, तारीख फिटनेसच्या कागदावर छापलेली असते, मोबाईलवर दिसते, अपॉइंटमेंट तुम्हीच काढता. टायर बघायला तुमच्याकडं महिना असतो, ब्रेकचं काम पंधरा दिवस आधी होतं, स्पीड गव्हर्नरचा कागद आठवड्याआधी फाईलला लागतो, आणि रंगाला एक रात्र. ती पण अर्धी, कारण अर्धी तुमची गाडी कुठंतरी खाली होण्यात जाते.

मला कळतं हो. गाडी उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही, सीझनला एक खेप बुडाली की तोंडचा घास गेल्यासारखं होतं. पण एका रात्रीत मी नेमकं काय करतो ते तुम्हाला कधी कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो, म्हणजे पैसे कशाचे दिले ते तरी कळेल.

एका रात्रीत मी गाडी पाण्याने धुतो, ती वाळायच्या आत फडकं मारतो, जिथं फोड आलेत तिथं पॉलिश पेपरने दोन हात घासतो, खड्डे दिसले की लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, ती सुकली न सुकली की वरून एनॅमल रंग. आरशाचे रॉड, वायपर, हँडल काहीच काढत नाही, पेपर चिकटवून मारतो, म्हणून तुमच्या केबिनला रबरावर आणि बिजागऱ्यांवर रंगाचे थेंब असतात. काचेच्या रबराखाली तर रंगाची गन पोचतच नाही. आणि खरा रोग तिथंच असतो. पुढच्या काचेच्या खालच्या कडेला, रबर आणि पत्रा यांच्या मधल्या खाचेत, पावसाचं पाणी आणि धूळ साचून बसते, वर्षभर ओल धरते. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून पत्रा कागदासारखा पातळ. काच काढल्याशिवाय ते दिसत नाही आणि काच काढायला अर्धा दिवस लागतो, म्हणजे तुमच्या हिशोबात तो रोगच नाही.

गंजाचं एक आहे, तो लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. पत्रा गंजला की तो फुगतो आणि वरच्या रंगाला ढकलतो, तुम्हाला जो फोड दिसतो तो खालचा गंज वर आलेला असतो. त्याच्यावर नवीन रंग मारणं म्हणजे गळूवर पावडर लावणं. आणि लांबी तर त्याहून वाईट, कारण लांबी पाणी पिते. उघड्या गंजक्या पत्र्यावर, मध्ये प्रायमर न मारता भरली की ती आतून ओल धरून ठेवते आणि पत्रा बाहेरच्या पावसाने सडला असता त्याच्या आधी आतून सडतो. म्हणजे तुम्ही मला पैसे देऊन गाडी लवकर सडवून घेता. चिपळूण, रत्नागिरी, जयगड लाईनला गाड्या लावणाऱ्यांनी तर हे पाठच करून ठेवा. कुंभार्ली घाट उतरला की हवाच वेगळी आहे, खारी. मासळीच्या गाड्यांचं मिठाचं पाणी, वरून कोकणातला पाऊस. देशावरची गाडी आठ वर्षांत जेवढी सडते तेवढी तिकडची चार-पाच वर्षांत सडलेली मी बघितलीय.

आता जे सांगतो ते सांगायची लाज वाटते, पण पत्र त्याच्यासाठीच लिहायला घेतलं.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी झाली होती, कारखाने सुरू व्हायच्या बेतात. बंदराच्या लाईनला चालणारी एक दहा टायरी गाडी रात्री आली, सकाळी पासिंग. मालक चांगला माणूस, रोख पैसे देणारा, नावं ठेवायला जागा नाही. मी ड्रायव्हर साईडच्या पायरीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर ते चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं. मालकाला फोन केला, म्हणलं पायरीचा पत्रा बदलावा लागेल, वेल्डिंगवाला उठवावा लागेल, दीड दिवस लागेल. ते म्हणाले, "आता पासिंग तेवढं होऊ दे, सीझन संपला की बदलून टाकू." आणि मी ऐकलं. फायबरचा कपडा आणि लांबी भरली, पोराने पेपर मारून अशी सपाट केली की हात फिरवला तरी कळू नये, वरून काळा रंग. पासिंग झालं. बारा-तेरा दिवसांनी तो ड्रायव्हर वजन काट्यावर पावती घ्यायला उतरला, सगळा भार त्या पायरीवर गेला आणि पायरी गेली. घोट्याचं हाड मोडलं. दोन महिने घरी. ट्रकवाल्याच्या घरी दोन महिने म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

मला कुणी काही बोललं नाही. मालकांनी दवाखान्याचं बिल भरलं, माझ्याकडं परत आले पण नाहीत, राग असा नाही, आमचा दोघांचाही डोळा एकमेकांना मिळाला नसता म्हणून. पण तो ड्रायव्हर आला. कुबडी घेऊन, एसटीने. चहा पाजला. बराच वेळ दुसऱ्याच गाडीची केबिन बघत बसला होता, आणि मग म्हणाला, "पायरी दिसायला एक नंबर होती बघ."

तेव्हापासून सडलेल्या पत्र्यावर मी लांबी भरत नाही. दहा मालक तुटले माझे. तुटू देत.

व्यवस्थित काम म्हणजे काय ते आता ऐका. पहिला दिवस नुसता काढण्याचा आणि धुण्याचा, शो म्हणजे पुढची जाळी, हेडलाईट, आरसे, वायपर, हँडल, सगळं खाली, मग डिझेल आणि साबणाने ग्रीस काढायचं, कारण तेलकट पत्र्यावर कुठलाच रंग टिकत नाही, तुमचा कितीही भारी कंपनीचा असू दे. मग ग्राइंडरने पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत गंज काढायचा, सडका तुकडा कापून नवीन पत्रा वेल्ड करायचा, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या वायरी काढायच्या, नवीन गाड्यांना तर ईसीएमची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, पिनपण, नाहीतर रंगाचं काम पंधरा हजाराचं आणि उडालेला ईसीएम लाखाच्या घरात. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, रात्रभर उघडं ठेवायचं नाही, आपल्याकडं दवातच पत्रा तांबूस होतो. लांबी त्याच्यावर, आणि पातळ. मग ऐंशीचा पेपर, मग दोनशेवीस, सरफेसर, मग पाण्याने चारशे-सहाशे. या सगळ्यात तीन दिवस गेले आणि रंगाचा डबा अजून उघडलेला नाही. रंग मारायला फक्त एक दुपार लागते. तुम्ही त्या दुपारीलाच पेंटिंग समजता.

आणि दुपार म्हणजे दुपारच. रात्री रंग मारला की बल्बवर किडे येतात आणि ओल्या रंगावर बसतात, सकाळी बघाल तर दरवाजावर पतंगाचे पाय आणि पंखं, उचलायला गेलं की रंग उचलतो. म्हणून रात्री शेडची शटरं ओढून घ्यावी लागतात. पावसाळी हवेत किंवा दव पडत असताना अजून एक गंमत, थिनर उडताना पत्रा गार पडतो आणि हवेतली ओल त्याच्यावर बसते, रंग दुधासारखा पांढुरका पडतो. आमच्याकडं म्हणतात रंग फुलला. तो फुललेला रंग घासून पुन्हा मारावा लागतो, आणि तुम्ही म्हणता पेंटरने भेसळीचा रंग वापरला.

शटर ओढण्यावरून मुद्दा निघाला तर सांगूनच टाकतो. आता सगळ्यांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग पाहिजे, चमक पाहिजे, कारण शेजारच्या मालकाने मारलाय. पीयू चांगलाच आहे, मी स्वतः सांगतो मारा म्हणून, उन्हाला आणि डिझेलला एनॅमलपेक्षा कितीतरी टिकतो. पण त्याच्यात जो हार्डनर मिसळतो त्यात आयसोसायनेट असतं. भोपाळला १९८४ ला जो वायू सुटला तो याच कुळातला, तोच नव्हे, तेवढा जहालपण नव्हे, पण श्वासात गेलं की दम्यासारखा त्रास करणारं हे पण आहे. आणि एकदा त्रास सुरू झाला की पुढं थोड्याशा वासानेही छाती भरते. नाकाला रुमाल बांधून ते अडत नाही. कोरोनातला मास्क लावूनही नाही. त्याला काडतूसवाला, म्हणजे हवा गाळणारी डबी लावलेला मास्क लागतो, खरं तर बाहेरून हवा देणारा. मी काडतूसवाला घेतलाय, पोरांनाही घेतलाय, पण बंद शेडमध्ये रात्री दोनला पोरगं घामाघूम होऊन मास्क वर सरकवतं, मी ओरडतो, ते खाली घेतं, मी वळलो की परत वर. माझे वस्ताद आता चार पायऱ्या चढले की थांबतात. बिडी पण भरपूर ओढायचे, त्यामुळे सगळं हार्डनरवर ढकलत नाही. पण त्यांच्या खोकल्याचा आवाज मला माझ्या पोरांच्यात ऐकायचा नाही. दिवसा, शटर उघडं ठेवून, वारं असताना मारू द्या, एवढंच.

जुन्या पिवळ्या-नारंगी रंगांचंही तेच. घरात मारायच्या रंगातलं शिसं सरकारने कमी करायला लावलं, २०१६ चा नियम आहे, २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू, पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाडीचा रंग त्यात नाही. तुमच्या वीस वर्षं जुन्या गाडीचा पिवळा थर कोरडा घासला की ती पूड पोरांच्या नाकातोंडात, कपड्यांवरून घरी. पाणी लावून घासलं की पूड उडत नाही, पण पाण्याने घासलं की वाळायला वेळ लागतो. आला परत वेळ.

आता कागदपत्रांची गोष्ट, याच्यात माझीपण चूक सांगतो. एक मालक आले, पोरगं नुकतंच धंद्यात आलेलं, म्हणे आमच्या तपकिरी गाडीला निळी करा, सगळ्या गाड्या एका रंगात दिसल्या पाहिजेत. मी केली. देखणी झाली होती. पासिंगला इन्स्पेक्टरने आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र बघितलं, रंगाच्या खान्यात तपकिरी, गाडी निळी, परत. रंग बदलायचा तर आरटीओत अर्ज करून आरसीवर चढवून घ्यावा लागतो हे मला माहीत होतं, मला वाटलं त्यांनी केलं असेल, त्यांना वाटलं पेंटर सांगेल. आता मी पहिलं काम म्हणजे आरसीचा फोटो मागतो. तोच रंग परत मारायचा असेल तर काही झंझट नाही. आणि तुमच्यातल्या जुन्या मालकांना आठवत असेल, नॅशनल परमिटच्या गाडीला वाळक्या पानासारखा तपकिरी रंग आणि पांढरी पट्टी असायची, बाजूला गोलात अक्षरं. आता ती रंगाची सक्ती राहिली नाही, पुढं-मागं एनपी लिहिलं की झालं, म्हणून पोरांना वाटतं रंगाचा काही नियमच नाही.

मागं लिहायच्या अक्षरांचं विचारू नका. २०१५ ला महाराष्ट्रात 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी आली, कारण काय तर हॉर्न वाजवायला उत्तेजन. आमच्याकडं एक अक्षरं काढणारे काका यायचे, ब्रशने काढायचे, 'ओके' चा ओ असा गोल की परकार लाजावा. त्यानंतर ते रिकामं वजन-भरलेलं वजन आणि मालकाचं नाव एवढंच काढायचे, मग रेडियम आलं आणि तेही गेलं. काहीजण अजून लिहून मागतात, मी नाही लिहीत, दंड तुम्हाला बसेल आणि शिव्या मला.

चेसिस नंबरवर रंग मारू नका म्हणून तुम्ही मला सांगता, पण तुमचाच ड्रायव्हर गाडी उभी असताना हातात ब्रश घेऊन चेसिसला काळा डांबरट रंग फासतो आणि नंबर बुजवून टाकतो. मग पासिंगच्या रांगेत नंबर दिसावा म्हणून पॉलिश पेपरने खरवडत बसायचं आणि इन्स्पेक्टरला संशय, की नंबर घासला का काय. मी नंबरवर ग्रीस लावतो, वरून टेप, काम झालं की पुसून टाकायचं, एक मिनिटाचं काम. नंबर प्लेटचंही तसंच, नवीन एचएसआरपीचं, म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेटचं, स्नॅप लॉक एकदा तुटलं की परत बसत नाही, म्हणून मी प्लेट काढत नाही, भोवती टेप मारतो. प्लेटमागं जुना रंग दिसतो म्हणून तक्रार करू नका. आणि रिफ्लेक्टर टेप, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, ती ओल्या रंगावर चिकटवायला लावू नका. खालचा थिनर अजून निघत असतो, टेपला बुडबुडे येतात आणि पहिल्या धुण्याला अर्धी टेप रंगासकट हातात. सकाळी नऊच्या पासिंगला रात्री तीनला मारलेल्या रंगावर पहाटे सहाला टेप, सांगा कशी टिकायची?

इन्शुरन्सचं एक सांगतो कारण याच्यावरून माझं एकाशी भांडण झालंय. उसाच्या ट्रॉलीने एका गाडीचा डावा कोपरा घेतला, बंपर, मडगार्ड आणि दरवाजापर्यंत रंग. मालकांनी बिनधास्त सांगितलं पीयू मार, कंपनी देणारंय. सर्व्हेअर आला, दरवाजाचा पत्रा दिला, बंपर, मडगार्ड आणि रंग कापला. मालक माझ्यावर ओरडले जसं काही पॉलिसी मी छापली. कमर्शियल गाडीच्या पॉलिसीत टायर, दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेट आणि ठोकर लागलेल्या भागाचा रंग हे नेहमीच्या कव्हरमध्ये येत नाही, त्याला आयएमटी २३ म्हणून जादा कलम असतं, त्याचे जादा पैसे भरलेले असतील तरच. दोन-चार हजार वाचवायला एजंट ते काढून टाकतो आणि तुम्ही बघत नाही. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि तेवीस आकडा शोधा. नसेल तर पुढच्या रिन्यूअलला टाकून घ्या.

तर माझं म्हणणं आता स्पष्ट सांगतो. पासिंगच्या आधी किमान आठ दिवस गाडी माझ्याकडं पाहिजे, त्यातले सहा माझे आणि दोन रंग वाळायचे. दोन दिवस उन्हात नुसती उभी राहू द्या. ते जमत नसेल तर पावसाळ्यात, गाड्या रिकाम्या असतात तेव्हा, पत्र्याचं आणि प्रायमरचं काम करून घ्या आणि रंग दसऱ्याच्या आधी मारा, खंडेनवमीला हार घालायच्या वेळी गाडी तयार. पैसे जास्त लागतील, खोटं कशाला बोलू, रात्रीच्या कामाच्या दुप्पट-अडीचपट. पण रात्रीचं काम तुम्ही दरवर्षी करता आणि हे चार-पाच वर्षं बघावं लागत नाही, गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

पत्रा सडका निघाला तर मी फोटो काढून तुम्हाला पाठवणार, ड्रायव्हरलाही पाठवणार. त्याचा राग मानू नका. पायरीवर पाय तो ठेवतो.

रात्री दहाला फोन आला तर आता उचलणार नाही. बायकोने पण सांगितलंय.

आणि हो, गाडी पाठवताना केबिन रिकामी करून पाठवा. मागच्या महिन्यात एकाची केबिन टिल्ट केली तर आतून स्टोव्ह, भांडी, लोणच्याची बरणी आणि देवाचा फोटो सगळं एकदम पुढच्या काचेवर आलं. काच वाचली. लोणचं अजून वायपरच्या खाचेतून निघतंय.

तुमचाच,
हायवेचा पेंटर, कराड